ईएल८४ च्या जोडीचा पंधरा वॅटचा गिटार ॲम्प: आठ महिने वापरल्यावर

ॲम्प हाताने बांधलेला, जुना, १९५८ च्या व्हॉक्स एसी१५ च्या धाटणीचा. पॉवर स्टेजला (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या टप्प्याला) दोन ईएल८४ ट्यूब, कॅथोड बायस (ट्यूबचा करंट कॅथोडखालच्या रेझिस्टरने ठरतो), निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा मागे देणं) नाही. विकणाऱ्याने तीनतीनदा बजावलं होतं, "प्युअर क्लास ए आहे." म्हणजे कितीही जोरात वाजवलं तरी कुठलीच ट्यूब मधे बंद पडत नाही असा. मीही चार महिने तेच सगळ्यांना ऐकवत होतो.

आवाजाबद्दल तक्रार नाही. व्हॉल्यूमचा नॉब बाराच्या काट्यावर, म्हणजे मधोमध नेला की जोरात मारलेली कॉर्ड आधी किंचित दबते आणि मग फुलते. गिटारचा नॉब खाली आणला की लगेच स्वच्छ. मी ते सगळं श्रेय क्लास ए ला देऊन मोकळा झालो होतो.

मग घरघर वाढली म्हणून तो दुरुस्तीला नेला. दुरुस्ती करणाऱ्या काकांची हयात वॉल्व्हच्या (म्हणजे ट्यूबच्याच) रेडिओंत गेलेली. त्यांनी १३० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर मीटर लावला: १०.४ व्होल्ट. म्हणजे दोघींत मिळून ८० मिलीअँपिअर. "आता वाजवा जोरात." वाजवलं, तर काटा १२ च्या पुढे. "अहो, खरा क्लास ए असता तर सरासरी करंट असा चढला नसता. मोठ्या सिग्नलला एक ट्यूब मधेच बंद पडते नि दुसरी ओढते. हा क्लास एबी."

मग कागदावर हिशेब. स्क्रीनचा (ट्यूबमधल्या एका जाळीचा) करंट वजा जाता प्रत्येकीत साधारण ३५ मिलीअँपिअर, प्लेट ते कॅथोड ३१० व्होल्ट. म्हणजे ट्यूबमागे ११ वॅट, दोघींचे २२. क्लास ए मध्ये यातले फार तर निम्मे, म्हणजे ११, स्पीकरकडे जातात. स्पीकरच्या जागी लोड लावून मोजले तर १४ निघाले! हळू वाजवताना दोन्ही ट्यूब चालूच असतात, तेवढ्यापुरता तो क्लास ए, पुढे नाही. आणि ते दबून फुलणं? जोर वाढला की कॅथोडचा व्होल्टेज चढतो, ट्यूबचा बायस थोडा थंड होतो, म्हणजे तेवढ्याच सिग्नलला ती कमी ओढते, सूर थांबला की हळूहळू पूर्वपदावर येते. अर्धं काम त्याचं, उरलेलं फीडबॅक नसण्याचं.

खरा क्लास ए ऐकायचा तर मित्राकडचा फेंडर चॅम्पच्या सर्किटचा ॲम्प आहे: एकच ६व्ही६ ट्यूब, पाचेक वॅट. एकटी ट्यूब बंद पडून कसं चालेल? बेडरूममध्ये झकास, पण ड्रमरने काठ्या उचलल्या की संपला.

दुखणं एकच, उष्णता. आमच्या भागात पहाटे मेन्स (घरचा वीजपुरवठा) २४६ व्होल्टपर्यंत जातो (ट्रान्सफॉर्मर २३० चा). त्या वेळी हिशेब ट्यूबमागे १२ वॅटच्या थोडा वर जातो आणि ईएल८४ ची मर्यादा नेमकी १२ ची. सातव्या महिन्यात रियाझाला दिवे बंद करून बसलो होतो, तेव्हा एका ट्यूबची प्लेट शिवणीपाशी लालसर दिसली. तत्काळ स्विच बंद. आत हात घालायला मात्र जाऊ नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटर चावतात.

काकांनी नवी जोडी लावली आणि रेझिस्टर १५० चा केला, म्हणजे करंट कमी. दबणं कणभर कमी झालं, ते मला कळतं, बँडमध्ये कुणालाच नाही. जुना १३० चा गिटारच्या केसमध्ये, पिक्सच्या डबीत ठेवलाय.