यूपीव्हीसी खिडक्या: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

जुन्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या काढून पांढऱ्या यूपीव्हीसीच्या (म्हणजे कडक पीव्हीसी प्लास्टिकच्या) बसवल्या, त्यांवरून आता पूर्ण उन्हाळा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस गेला आहे. ठिकाण ठाणे, वरचा मजला, हॉलचं तोंड पश्चिमेला. हॉलमध्ये १८०० बाय १२०० मिमीची तीन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी, त्यात दोन काचेची शटरं आणि एक मच्छरजाळीचं. बेडरूममध्ये बाहेर उघडणाऱ्या झडपांची खिडकी आणि गॅलरीला दोन ट्रॅकचा सरकता दरवाजा. माल समाधानकारक आहे. पण गळती, शटर अडकणं, वाऱ्याची शिट्टी अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा बसवण्यात असतं, त्यामुळे जास्त तेच लिहितो.

आधी पाण्याचं बघू. स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी साचलं की लोक खिडकीला नावं ठेवतात, पण या खिडकीची रचनाच अशी आहे की पाणी ट्रॅकमध्ये येणार आणि खालच्या खाचांतून बाहेर जाणार. अडचण आडव्या पावसात येते. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र साधं आहे: सेकंदाला मीटरमधल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.६, उत्तर पास्कलमध्ये. ताशी ५४ किमी म्हणजे सेकंदाला १५ मीटर वारा असेल तर १३५ पास्कल दाब येतो, आणि तेवढा दाब सुमारे १४ मिमी उंचीचं पाणी तोलून धरतो. वारा ताशी ७२ किमी झाला की दाब २४० पास्कल होतो आणि पाणी २४ मिमी चढतं. म्हणजे बाहेरून वारा दाबत असताना ट्रॅकमधलं पाणी खाली उतरत नाही, ते वर चढत राहतं, आणि ट्रॅकची आतल्या बाजूची भिंत त्याहून बुटकी असेल तर घरात सांडतं. वरच्या मजल्यासाठी खिडकी घेताना फॅब्रिकेटरकडे (खिडकी बनवून देणाऱ्याकडे) प्रोफाइलचा, म्हणजे फ्रेमच्या पोकळ पट्टीचा, कापलेला तुकडा मागा आणि ही आतली भिंत पट्टीने मोजा. आमच्याकडे पश्चिमेच्या खिडकीत जुलैच्या झडीत ट्रॅक काठोकाठ भरला, वारा पडल्यावर मिनिटाभरात रिकामा झाला, आत आलं नाही. तळमजल्यावर किंवा खोल छज्जाखाली एवढी चिंता करण्याचं कारण नाही.

पाणी उतरायच्या खाचा हा या खिडकीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आतली खाच आणि बाहेरची खाच एकमेकींसमोर नसतात, मुद्दाम सरकवलेल्या असतात, नाहीतर वारा थेट आत शिरेल. बाहेरची खाच साधारण ५ मिमी उंच आणि २५ ते ३० मिमी लांब असते, दोन खाचांत ६०० मिमीपेक्षा जास्त अंतर नको. त्या बंद होतात त्या गवंड्यामुळे: फ्रेमच्या बाहेरून सिमेंट भरताना किंवा ग्रॅनाइट बसवताना खालचा दीड-दोन सेंटिमीटर भाग झाकला जातो आणि खाचा गाडल्या जातात. कधी सिलिकॉन मारणारा ‘फट दिसली’ म्हणून त्यांतच सिलिकॉन भरतो. तेव्हा बाहेरचा ग्रॅनाइट खाचांच्या खालीच थांबला पाहिजे, त्याला बाहेरच्या बाजूला उतार हवा आणि पुढच्या कडेखाली एक बारीक खाच हवी, म्हणजे पाणी तिथेच तुटून खाली पडतं, भिंतीला चिकटून मागे येत नाही.

बेडरूमच्या झडपांच्या खिडकीत हा प्रश्नच आला नाही. झडप बंद झाली की चारही बाजूंना रबरी गॅस्केट दाबलं जातं. स्लायडिंगमध्ये दाब नसतो, शटरच्या कडेचा केसाळ ब्रश नुसता घासत असतो. वारा, पाणी, धूळ, आवाज या चारही बाबतींत झडपांची खिडकी सरस आहे. बाहेर ग्रिल असेल तर झडप उघडता येत नाही, म्हणून शहरात स्लायडिंग चालते. जिथे ग्रिल नाही किंवा ग्रिल आतून लावता येते, तिथे मी बिनदिक्कत झडपाच सुचवेन.

आता बसवणं. ओपनिंगची रुंदी वर, मध्ये, खाली आणि उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे अशी मोजायची. सगळ्यांत कमी माप धरायचं आणि त्यातून १० मिमी वजा करून फ्रेम करायची, म्हणजे प्रत्येक बाजूला ५ मिमी जागा राहते. ही जागा लागतेच. यूपीव्हीसी तापल्यावर ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावतं. मीटरला अंशामागे सुमारे ०.०७ मिमी धरलं तर १.८ मीटरची पट्टी ३० अंशांच्या फरकाने जवळजवळ ४ मिमी वाढते. भिंतीला घट्ट ठोकून बसवलेली फ्रेम मे महिन्यात मध्यभागी फुगते आणि शटर अडकतं.

फ्रेम ओपनिंगमध्ये पॅकिंगवर (फटीत सारायच्या पातळ तुकड्यांवर) उभी करून पाणसळ आणि ओळंब्याने बघायची, मग दोन्ही कर्ण मोजायचे. फरक ३ मिमीच्या आत हवा. कोपऱ्यापासून साधारण १५० मिमीवर पहिला फास्टनर (फ्रेम भिंतीला पकडणारा स्क्रू), पुढे ६०० मिमीपेक्षा जास्त अंतर नाही. आमच्या मापाला उभ्या बाजूला तीन-तीन आणि वर चार बसतात. प्रत्येक फास्टनरशेजारी पॅकिंग असायलाच हवं, नाहीतर स्क्रू आवळताना फ्रेम भिंतीकडे ओढली जाते. म्हणून आवळून झाल्यावर रुंदी पुन्हा वर-मध्ये-खाली मोजा, २ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर स्क्रू सैल करायला लावा. खालच्या ट्रॅकमध्ये आरपार भोक पाडू देऊ नका. तिथे खालून पत्ती लावून पकड घेता येते. भोक पाडलंच असेल तर स्क्रूच्या डोक्यावर सिलिकॉन भरलेलं दिसलं पाहिजे, कारण ते भोक म्हणजे साचलेल्या पाण्याला भिंतीत जायचा रस्ता. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) भिंतीत साधा प्लग जागीच फिरतो, त्यासाठी लांब नायलॉन प्लग लागतो.

फटीत भरायचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम पाणी अडवतो हा समज चुकीचा आहे. तो पोकळी भरतो, वारा आणि आवाज थोडा कमी करतो. उन्हात उघडा राहिला तर पिवळा पडून भुगा होतो. एकदम खूप भरला तर फुगताना फ्रेमच आत ढकलतो. पाणी अडवायचं काम बाहेरच्या सिलिकॉनचं. त्यात तीन गोष्टी बघा. न्यूट्रल प्रकारचं वेदर सिलिकॉन हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटच्या पृष्ठभागावर नीट धरत नाही, संगमरवराला इजा करतं आणि धातूला गंजवतं. दुसरं, ते कोरड्या, झाडून साफ केलेल्या प्लास्टरवर किंवा दगडावर मारायचं. रंगावर मारलं तर रंगाच्या पापुद्र्यासकट सुटून येतं. तिसरं, फट खोल असेल तर आधी आत फोमची गोल दोरी दाबायची आणि वर रुंदीच्या साधारण निम्म्या जाडीचा थर द्यायचा. सिलिकॉन दोन्ही कडांनाच चिकटलं तर ताणलं जाऊ शकतं, तळालाही चिकटलं तर फाटतं. हे काम पावसाळ्याआधी उरकावं, ओल्या प्लास्टरवर कोणतंही सिलिकॉन धरत नाही.

मालाबद्दल. युरोपीय मानक ईएन १२६०८ प्रमाणे प्रोफाइलची दिसणारी बाहेरची भिंत ‘ए’ वर्गात किमान २.८ मिमी आणि ‘बी’ वर्गात २.५ मिमी असते. आपल्याकडे याहून पातळ प्रोफाइलही विकली जातात, तेव्हा कॅलिपर लावूनच बघा. आत जीआयचं (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचं) रीइन्फोर्समेंट, म्हणजे बळकटीची पट्टी, आहे का, हे चुंबक लावून कळतं. ते फ्रेमसोबत शटरच्या उभ्या पट्ट्यांतही हवं, विशेषतः दोन शटरं जिथे एकमेकांत अडकतात तिथे, कारण वाऱ्याचा सगळा वाक त्या मधल्या पट्टीवर येतो. कोटेशनमध्ये काचेची जाडी, टफन (तापवून कणखर केलेली) आहे की साधी, रीइन्फोर्समेंटची जाडी, जाळीचा प्रकार, जुनी खिडकी काढणं आणि राडारोडा उचलणं हे शब्दांत लिहून घ्या, नुसता चौरस फुटाचा दर काही सांगत नाही. टफन काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो, आणि ती टफन केल्यावर कापता येत नाही.

काच थेट प्रोफाइलवर टेकवायची नसते, खाली प्लास्टिकचे पॅकर असतात. झडपांच्या खिडकीत ते तिरके बसवावे लागतात: बिजागरीच्या बाजूला खाली आणि कुलपाच्या बाजूला वर. असं केलं की काचच झडपेला तिरका टेकू देते. हे पॅकर नसतील तर काही महिन्यांत कुलपाची बाजू खाली लोंबते आणि हँडल उचलून फिरवावं लागतं. स्लायडिंगमध्ये रोलरचा स्क्रू शटरच्या खालच्या कडेला असतो, तो फिरवून शटर फ्रेमला समांतर करता येतं. बंद शटर दोन्ही हातांनी वर उचलून बघा. ते ट्रॅकमधून सुटण्याइतकं उचललं जात असेल तर वरचा उचल-रोधक ठोकळा लावलेला नाही. उंच इमारतीत ही चूक जीवघेणी आहे.

उष्णता आणि आवाज यांबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. दुहेरी काच सरळ ऊन अडवत नाही, त्यासाठी सोलर कंट्रोल काच लागते किंवा बाहेरून सावली. बस-ट्रकचा घरघराट दोन सारख्या जाडीच्या काचांतून बराचसा आत येतो, लॅमिनेटेड काच (मध्ये प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेल्या दोन काचा) त्याला जास्त उपयोगी. आणि ब्रशच्या फटी राहिल्या तर महागडी काच वाया.

शेवटचा हप्ता देण्याआधी या चाचण्या करून घ्या. ट्रॅकमध्ये लिटरभर पाणी ओता, ते मिनिट-दोन मिनिटांत बाहेर गेलं पाहिजे. झडपेत नोट धरून बंद करा आणि ओढा, चारही बाजूंना सारखी अडली पाहिजे. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावून सगळ्या खिडक्या मिटा आणि कडेकडेने उदबत्ती फिरवा, धूर जिथे हलतो तिथे फट आहे. बाहेरून पाइपने पाणी मारता येत असेल तर खालून सुरुवात करा आणि हळूहळू वर जा. वरून मारलं तर गळती नेमकी कुठली ते कळत नाही. प्रोफाइलवरची संरक्षक फिल्म लगेच काढायला लावा, उन्हात ती भाजून कायमची चिकटते.

गॅलरीच्या दरवाजाला वेगळा विचार लागतो तो वजनामुळे. ५ मिमी काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. दुहेरी काचेचं १.२ बाय २.१ मीटरचं शटर नुसत्या काचेनेच ६० किलोच्या पुढे जातं. रोलर त्या वजनाचे आहेत का, हे विचारा, आणि खाली ट्रॅकची उंची गॅलरीच्या फरशीपेक्षा वर राहील असं बघा.

देखभाल थोडीच आहे. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, थिनर किंवा ॲसिटोन अजिबात नको. ट्रॅकला तेल-ग्रीस लावू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो. मेअखेरीस ट्रॅक ब्रशने झाडून खाचा टूथपिकने मोकळ्या करा. खाडीजवळ किंवा समुद्राजवळ कुलपाचे आणि फ्रिक्शन बिजागरीचे स्क्रू आधी गंजतात, ते सुरुवातीलाच स्टेनलेस स्टीलचे मागून घ्या. आणि काम संपताना फॅब्रिकेटरकडून रोलरची एक जोडी आणि मीटरभर गॅस्केट मागून घ्या, आणि प्रोफाइल-मालिकेचं नाव बिलावर लिहून घ्या. प्रत्येक मालिकेचे भाग वेगळे असतात, नाव नसेल तर पुढे जुळणारा रोलर शोधताना अख्खं शटर काढून दुकानात न्यावं लागतं.