फूड ग्रेड सांगून फिल्टरची पावडर गळ्यात मारली

घरात ढेकूण झाले की काय हाल होतात ते ज्याच्या घरी झालेत त्यालाच कळतं, रात्र रात्र लाइट लावून गादीच्या शिवणी बघत बसायचो. घरात लहान मुलगी, म्हणून स्प्रे नको होता, आणि डायटोमेशियस अर्थ पावडर नैसर्गिक असते असं वाचलं म्हणून ऑनलाइन मागवली. जाहिरातीत फूड ग्रेड, मुलांना सेफ, 24 तासांत ढेकूण अंड्यांसकट साफ. विक्रेत्याला मेसेज करून विचारलं तर म्हणाला बिनधास्त गादीवर जाड थर टाका, काही होत नाही.

टाकला. चार दिवसांत मुलीला कोरडा खोकला, माझे डोळे चुरचुरायला लागले आणि ढेकूण जिथल्या तिथे. मग पुसापुशी करताना ओल्या हाताने पाकीट उचललं, स्टिकरची कड सुटली, ओढून बघतो तर खाली छापलेलं, कॅल्साइन्ड (म्हणजे भट्टीत भाजलेली), स्विमिंग पूलच्या फिल्टरसाठी. हातपाय गारच पडले माझे.

ही पावडर म्हणजे डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचे जीवाश्म, बहुतेक सगळं सिलिका. पण फिल्टरवाली भट्टीत भाजतात आणि त्यात बरीचशी सिलिका स्फटिकी होते, तिची धूळ दीर्घकाळ श्वासात गेली तर सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो, ती घरात वापरायचीच नसते. न भाजलेली किड्यांच्या अंगावरचा मेणचट थर शोषून घेते आणि किडा सुकून मरतो, पण त्याला दिवस लागतात, कधी कधी आठवडे, आणि अंड्यांवर काहीच परिणाम नाही, म्हणजे 24 तासांची गोष्ट शुद्ध थाप होती. ओली झाली की कामही करत नाही. आणि जाड थर तर अजिबात नको, किडे ढीग टाळून जातात, फटींमध्ये जेमतेम दिसेल इतकीच टाकायची, गादीवर तर नाहीच. शिवाय खरी फूड ग्रेड असली तरी धूळ नाकातोंडात जाऊ द्यायची नाही, आणि फूड ग्रेड म्हणजे कीटकनाशक म्हणून मान्यता नव्हे हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. घेणारच असाल तर कीटकनाशक म्हणून नोंदणी झालेली, वापराच्या सूचना छापलेलीच घ्या, लेबलवर लेबल चिकटवलेलं दिसलं तर परत करा, आणि विक्रेत्याकडे स्फटिकी सिलिका किती टक्के ते लिहून मागा, द्यायला टाळाटाळ केली तर सोडून द्या.

साफ करताना झाडू मारू नका, साध्या व्हॅक्युमनेही बारीक धूळ परत हवेत येते. आम्ही मास्क लावून ओल्या फडक्याने पुसली, मुलीला दुसऱ्या खोलीत ठेवलं. डॉक्टरांना पाकीट दाखवलं, खोकला हळूहळू थांबला.

विक्रेता म्हणाला उघडलेलं पाकीट परत घेत नाही, मग ब्लॉकच केलं. स्टिकरच्या फोटोसकट तक्रार केली तेव्हा ती जाहिरात काढली गेली. पंधरा दिवसांनी तेच पाकीट, तोच फोटो, फक्त दुकानाचं नाव वेगळं. परत तक्रार टाकलीय.