मोलिब्डेनम-नायोबियम थर्मोकपल: अणुभट्टीच्या तप्त गाभ्यात टिकणारे तापमापक

अणुभट्टीच्या गाभ्यात ११०० अंश सेल्सिअसच्या वर दीर्घकाळ तापमान मोजायचे असेल, तर अमेरिकेच्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने विकसित केलेले मोलिब्डेनम-नायोबियम थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून, त्यांच्यात निर्माण होणाऱ्या विद्युत्दाबावरून तापमान सांगणारे साधन) माझ्या मते आज उपलब्ध असलेल्या पर्यायांपैकी सर्वांत विचारपूर्वक घडवलेले आहे. के आणि एन या प्रमाणित प्रकारांची, निकेल मिश्रधातूंच्या तारांची नेहमीची थर्मोकपल या तापमानाला आपले वाचन झपाट्याने बदलू लागतात. टंगस्टन-ऱ्हेनियम किंवा प्लॅटिनम-ऱ्होडियमची जोडी उष्णता सोसते, पण न्यूट्रॉनांपुढे टिकत नाही, कारण न्यूट्रॉन शोषून टंगस्टनचे ऱ्हेनियम, ऱ्हेनियमचे ऑस्मियम आणि ऱ्होडियमचे पॅलेडियम होत जाते आणि मुळात ज्या धातूचे अंशांकन (ज्ञात तापमानांशी वाचन जुळवून घेणे) केले होते तो धातूच तारेत उरत नाही. ऱ्होडियमचा औष्णिक (म्हणजे मंद गतीच्या) न्यूट्रॉनांच्या शोषणाचा काटछेद, म्हणजे न्यूट्रॉन शोषला जाण्याच्या शक्यतेचे माप, सुमारे १४५ बार्न (या मापाचे एकक) आहे, तर मोलिब्डेनमचा सुमारे २.५ आणि नायोबियमचा सव्वा बार्नहूनही कमी. या उत्पादनाचे खरे बळ या निवडीत आहे.

हे बळ किती मोलाचे आहे, ते दुरुस्तीच्या अडचणीवरून कळते. थर्मोकपलचा विद्युत्दाब टोकाच्या जोडावर नव्हे, तर तारेच्या ज्या लांबीत तापमान उतरत जाते तिथे निर्माण होतो. गाभ्यात राहिलेली तार सगळीकडे सारखी बिघडत नाही. त्यामुळे ती बाहेर काढून प्रयोगशाळेतील भट्टीत पुन्हा अंशांकित केली, तरी तिथला तापमान-उतार वेगळा असल्याने मिळणारी दुरुस्ती गाभ्यातील चुकीला लागू पडत नाही, शिवाय किरणोत्सारी झालेली ती तार हाताळणेही सोपे नसते. म्हणूनच वाचन मुळातच कमी सरकेल अशी रचना असणे, हाच मला पटणारा उपाय वाटतो.

तारांभोवती ॲल्युमिनाचे विद्युतरोधक आणि बाहेरून नायोबियमचे आवरण अशी याची बांधणी आहे. याच प्रयोगशाळेच्या ॲडव्हान्स्ड टेस्ट रिॲक्टर या चाचणी-अणुभट्टीतील एजीआर-५/६/७ या इंधन-प्रयोगात ही थर्मोकपल सुमारे १५०० अंशांच्या परिसरात वापरली गेली, आणि २०१९ साली या तंत्रज्ञानाला आर अँड डी १०० पुरस्कार मिळाला.

उणिवाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. या जोडीसाठी के किंवा एन प्रकारांसारखे विद्युत्दाबावरून तापमान सांगणारे प्रमाणित आंतरराष्ट्रीय कोष्टक नाही, त्यामुळे निर्मात्याने दिलेल्या अंशांकनावरच विसंबावे लागते. तप्त नायोबियमला ऑक्सिजन सोसवत नाही, म्हणून निष्क्रिय वायूचे वातावरण अनिवार्य आहे. उच्च तापमानाला राहिलेले मोलिब्डेनम ठिसूळ होते, त्यामुळे एकदा बसवल्यावर तार वाकवणे टाळावे. वापराआधीची उष्णता-प्रक्रिया मात्र कधीही वगळू नये, कारण तिच्यामुळे तारांची स्फटिकरचना आधीच स्थिरावते आणि हे स्थिरीकरण अणुभट्टीत, प्रत्यक्ष मोजमाप चालू असताना होत राहिले तर सुरुवातीचे वाचनच भरवशाचे राहत नाही. ११०० अंशांच्या आत काम भागत असेल तर चांगले एन प्रकारचे थर्मोकपल पुरेसे आहे. त्यावरच्या तापमानासाठी खरेदी करताना प्रत्येक नगाच्या उष्णता-प्रक्रियेची आणि अंशांकनाची नोंद सोबत मागून घ्यावी.