ग्रीसच्या बेटावर एकटं लिहायला जाणाऱ्यांनो, युरो पाठवायच्या आधी हे वाचा

ग्रीसच्या अमोर्गोस बेटावर महिनाभरासाठी घर भाड्यानं घेताना मी फसवले गेले. रक्कम आधी सांगते, कुणाला किरकोळ प्रकरण वाटायला नको. १,६२० युरो. बँकेच्या चार्जेससकट १,६८,६८० रुपये. परतीचं तिकीट आधीच्या तारखेचं करून घ्यायला १४,६०० रुपये गेले ते वेगळेच. हे सगळे पैसे मी अनुवादाची कामं करून साठवले होते आणि ते एकाच गोष्टीसाठी होते, अर्धवट पडलेली कादंबरी महिनाभर एका जागी बसून संपवायची.

"ग्रीस कशाला, कोकणात जायचं ना, दिवेआगरला काय वाईट होतं" हे मी घरी आल्यापासून ऐकतेय. ज्यांना हे विचारायचंय त्यांनी कृपा करून इथे विचारू नका. कोकणात मला दर दोन दिवसांनी कुणीतरी भेटायला येतं, फोन येतात, लग्नं निघतात. अमोर्गोस मी विचार करून निवडलं होतं. त्या बेटावर विमानतळच नाही, अथेन्सजवळच्या पिरियस बंदराहून बोटीनं जायला बरेच तास लागतात, आणि ऑक्टोबरात गर्दी ओसरलेली असते, भाडी उतरलेली असतात. एका बाईनं स्वतःच्या पैशानं एकटीनं जाऊन लिहिणं यात चूक काय आहे ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

जाहिरात एका मोठ्या, सगळ्यांना माहीत असलेल्या बुकिंग साईटवर होती. एगियाली बंदराच्या वर, लांगाडा गावाच्या रस्त्याला, एका खोलीचं पांढरं घर, गच्ची, लिहायला टेबल. मी साईटवरच विचारलं की महिन्याचं भाडं किती पडेल, तर घरमालकीण म्हणवणाऱ्या बाईनं व्हॉट्सॲप नंबर दिला आणि थेट घेतलंत तर साईटचं कमिशन वाचेल, महिन्याचे १,०८० युरो लावते म्हणाली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, हे असंच चालतं, साईटवरून बाहेर काढायचं आणि थेट खात्यात पैसे मागायचे. मलाही माहीत होतं. पण त्या बाईनं सांगितलेल्या बऱ्याचशा गोष्टी खऱ्या होत्या, मी एकेक तपासल्या होत्या, आणि त्याच माझ्याविरुद्ध वापरल्या गेल्या हे मला लिहायचंय.

पत्ता मागितला तर म्हणाली आमच्या गावात रस्त्यांना नावं नाहीत, घरांना नंबर नाहीत. लहान बेटांवरच्या गावांत हे सर्रास असतं. व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो म्हटलं तर सही-शिक्क्याचं पत्र दिलं, पण निम्मे पैसे आल्यावर. आपल्या पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, काढताना राहण्याचा कागद आधी जोडावाच लागतो. युरोपातला माणूस नुसतं तिकीट काढून जातो, आपण महिनोन् महिने आधी अडकतो, आणि या लोकांना ते नेमकं ठाऊक असतं. जुलैत ५४० युरो पाठवले, १०१.८० चा भाव लागला, ५४,९७२ रुपये अधिक १,१८० चार्जेस. व्हिसा आला. त्याच पत्रावर आला. मग पत्र खरंच असणार असं मला वाटलं, आणि माझ्या जागी कुणालाही तेच वाटलं असतं. व्हिसा मिळाला म्हणजे घर कुणी तपासलं असं होत नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा.

सप्टेंबरात उरलेलं भाडं ५४० मागितलं, डिपॉझिट ३००, आणि हवामान कर म्हणून २४०. त्या कराचा मला संशय आला, मी रात्री बसून शोधलं, तर कर खरा निघाला. २०२५ पासून ग्रीसमध्ये अल्पमुदतीच्या भाड्याच्या साध्या अपार्टमेंटला एप्रिल ते ऑक्टोबर रात्रीला ८ युरो लागतात. ३० रात्रींचे २४०. बरोब्बर. खोट्या माणसाला एवढा नेमका कर माहीत असेल असं कुणाला वाटेल?

आणि आता तो क्षण. बँकेच्या शाखेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरून दिला होता, काउंटरवरचा मुलगा खाते नंबर टाइप करत होता आणि त्यानं मान वर करून विचारलं, "कंट्री लिथुआनिया, बरोबर ना मॅडम?" लिथुआनिया. ग्रीक खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते नंबर, जीआरनं सुरू होतो आणि एकूण २७ अक्षरांचा असतो. माझ्या कागदावरचा एलटीनं सुरू होत होता, २० अक्षरांचा. पहिले पैसेही त्याच खात्यात गेले होते, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं आणि माझंही लक्ष गेलं नव्हतं. मी त्याला थांब म्हटलं, तिथेच उभी राहून त्या बाईला मेसेज केला. लगेच उत्तर, की माझा मुलगा तिकडे नोकरीला आहे, २०१५ नंतर आमचा ग्रीक बँकांवर विश्वास राहिला नाही, तुम्हाला माहीत असेल तेव्हा काय झालं होतं. मला माहीत होतं! तेव्हा तिथल्या बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला ६० युरोच काढता यायचे, रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो मी पाहिलेत. मला त्या बाईची दया आली. मागे चार जण उभे होते, तो मुलगा घड्याळ बघत होता, आणि मी "हो, बरोबर" म्हटलं. १,०८० युरो, भाव १०३.१०, १,११,३४८ रुपये, वर पुन्हा १,१८०. एवढ्या सगळ्या खऱ्या गोष्टींत न जुळणारी एकच गोष्ट होती, ती माझ्यासमोर मोठ्यानं वाचली गेली होती, आणि मी हो म्हटलं. रोज आठवतं.

एगियालीला बोट रात्री उशिरा लागली. न्यायला कुणी नाही, नंबर बंद. बंदरावर एक टॅव्हर्ना, म्हणजे तिथली खाणावळ, उघडी होती, तिथल्या बाईंना फोनवर फोटो दाखवले. त्यांनी गच्चीच्या फोटोवर बोट ठेवलं. गच्चीमागे दगडी जाळीचा एक बुटका मनोरा दिसत होता, मी तो चर्चचा काही भाग समजले होते. तो कबुतरखाना होता. असे शेकडो कबुतरखाने टिनोस बेटावर आहेत, घर तिकडचं आहे, इथलं नाही, असं त्या म्हणाल्या. घर खरं, बेट दुसरं. त्यांच्या बहिणीकडे खोली मिळाली, रात्रीला ४५ युरो, त्या हिशेबानं महिना काढणं मला शक्यच नव्हतं. आधीच परत आले. कादंबरी आहे तिथेच आहे.

आता खरा संताप. बेटावरच्या पोलिसांनी निदान बसवून घेतलं, लिहून घेतलं. इथे आल्यावर बँकेत गेले तर "पैसे तुम्हीच पाठवलेत, फॉर्मवर सही तुमची आहे." पैसे परत मागवण्याचा स्विफ्ट मेसेज, म्हणजे देशोदेशीच्या बँका एकमेकींना पाठवतात तो निरोप, पाठवायचे ५९० रुपये वेगळे घेतले, आणि नंतर कळवलं की समोरच्या खातेदाराची संमती मिळाली नाही. चोराची संमती! चोरानं हो म्हटलं तरच माझे पैसे मला मिळणार, हे मला त्या मॅनेजरनं शांतपणे समजावून सांगितलं. लिथुआनियातल्या बँकेला मेल केली तर आम्ही फक्त पोलिसांशी बोलू. पोलीस ठाण्यात गेले तर गुन्हा ग्रीसमध्ये झाला, आमच्या हद्दीत येत नाही. मी म्हटलं अहो पैसे तर तुमच्या हद्दीतल्या शाखेतून गेले, तर सायबरला जा. सायबरवाले म्हणे पैसे फॉरेनला गेले की आमच्या हातात काही राहत नाही, आधी ठाण्यातून लिहून आणा. आणि एक अधिकारी, माझ्या मुलाच्या वयाचा, मला विचारतो, "मॅडम, पण एकट्या गेलातच कशाला?" मी तक्रारदार होते. आरोपी असल्यासारखी तिथे बाकावर बसून होते, आणि तक्रार घेतलीच नाही, नुसता अर्ज ठेवून घेतला, त्याची पोचसुद्धा भांडून मिळवली. बुकिंग साईटचं उत्तर तर दोन ओळींचं, व्यवहार आमच्याबाहेर झाला, आमची जबाबदारी नाही. जाहिरात तुमच्याकडे होती ना? त्या बाईला तुम्हीच व्हेरिफाइड म्हटलं होतंत ना?

हद्दीचं कारण सांगून परत पाठवत असतील तर उठू नका. नवीन फौजदारी कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो माहिती नोंदवून घ्यावी लागते, ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते. हे मला नंतर एका वकील मैत्रिणीनं सांगितलं, तेव्हा ठाण्यात माहीत असतं तर मी तिथून हललेच नसते. पैसे गेल्याचं कळताक्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, इथल्या इथल्या खात्यांत गेलेले पैसे तरी अडवता येतात. ग्रीसमध्ये असाल तर टुरिस्ट पोलीस १५७१.

ग्रीसमध्ये अल्पमुदतीच्या भाड्याच्या घराला टॅक्स खात्याकडून नोंदणी नंबर मिळतो, त्याला एएमए म्हणतात, ऑनलाइन जाहिरातीत तो दाखवावा लागतो. तो मागा, मिळाला की नेटवर टाकून बघा, दुसऱ्याच घराखाली तोच नंबर दिसला तर विषय संपला. मी जाहिरातीतले फोटो नेटवर टाकून शोधले होते, पण पहिले दोनच, काही निघालं नाही. सगळे शोधा, खिडकीतला, गच्चीवरचा, मागचं काही दिसत असेल तो तर आधी.

आणखी एक. युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून बँकेला पैसे पाठवायच्या आधी नाव आणि खातं जुळतंय का ते दाखवावं लागतं. आपण इथून स्विफ्टनं पाठवतो त्याला ती सक्ती नाही, आपण टाकलेल्या खाते नंबरावर पैसे जातात, नाव जुळवून बघितलं जाईलच असं नाही. म्हणून खात्याचा देश वेगळा दिसला तर कारण कितीही पटो, काउंटरवरून मागे फिरा. रांगेतले लोक थांबतील.

परवा मी पुन्हा शोधत बसले होते. तेच घर, तीच गच्ची, तोच कबुतरखाना, आता नाव वेगळं आणि बेट इकारिया, महिन्याला ९९० युरो, "लेखक-कलावंतांसाठी शांत जागा". मी रिपोर्ट केलंय, हे लिहितेय तोवर जाहिरात निघालेली नाही. तुम्हाला दिसली तर तुम्हीही रिपोर्ट करा, आणि ओळखीत कुणी या हिवाळ्यात तिकडे लिहायला जाणार असेल तर त्यांना हे आजच पाठवा.