ऑक्सिजन फ्री कॉपर सांगून ॲल्युमिनियम गळ्यात मारलं

इंदूरवाल्यांनो, स्पीकरची वायर घ्यायला जाल तर खिशात ब्लेड ठेवा. मला ६,३०० रुपयांना चुना लागलाय.

माझे स्पीकर साध्या उघड्या तारेने ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) जोडलेले होते, टोक पिळायचं, पोस्टच्या, म्हणजे तार आवळायच्या खुंटीच्या भोकात घालायचं, नट आवळायचा, झालं. महाराणी रोडवर फक्त जरा लांब वायर घ्यायला गेलो तर गल्ल्यावरचा म्हणे, "भिया, नंगे तार में आधा साउंड रास्ते में ही मर जाता है." मग चौदा गेज जाडीची ऑक्सिजन फ्री, म्हणजे एकदम शुद्ध तांब्याची म्हणून वायर, २० मीटर, १९० ने ३,८००. तारेच्या टोकाला लावून पोस्टमध्ये खुपसायचे गोल्ड प्लेटेड बनाना प्लग, चार जोड्या १,९००. फिटिंगचे ६०० वेगळे.

आणि तिथेच, माझ्या डोळ्यांदेखत त्याने वायर कापली तेव्हा टोक पांढरं चमकलं. मी विचारलं हो! तर म्हणे "टिन्ड कॉपर है, मरीन ग्रेड." टिन्ड कॉपर असतं बाजारात, म्हणून गप्प बसलो. पण त्यात कल्हई वरून असते आणि आत तांबं, इथे बरोब्बर उलटं, वरून लाल अन् पोटात पांढरं! बंडलही हलकं लागलं होतं हाताला, तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं. पण मी कपड्याच्या लाइनचा माणूस, मी काय तराजू घेऊन फिरणार?

महिन्याभरात डावा स्पीकर बंद. प्लगचा स्क्रू ढिला, आत तारांचा चुरा, त्यातली एक शेजारच्या पोस्टला टेकली आणि ॲम्प प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद. "सोन्याचा" प्लग फ्रिजवरच्या मॅग्नेटला टच्चकन चिकटला, म्हणजे आत लोखंड, पितळ कधी चिकटत नाही.

दुकानदार म्हणतो बिल दाखव. दिली होती कच्ची चिठ्ठी, त्यावर नुसतं "तार+प्लग". ठाण्यात गेलो तर साहेब हसले, "इतने से तार के लिए?" अरे, ६,३०० काय झाडाला लागतात का? तिथून म्हणे नापतौलवाल्यांकडे (वजनमाप खात्यात) जा, ते म्हणे मीटर बरोबर भरतंय ना, मग धातू आमचा विषय नाही. ग्राहक हेल्पलाइनवाल्यांनी बिल अपलोड करा सांगून तक्रारच बंद केली. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, खरंय, पण तिथेही आधी पुरावा आणा. चोराने पावती दिली असती तर तो चोर कसला!

पक्कं बिल घ्या, त्यावर "कॉपर" लिहून घ्या. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आणि ते आधा साउंड वगैरे सगळी थाप आहे, खऱ्या चौदा गेज तांब्याला दहा मीटरचं जाऊन-येऊन ०.१७ ओहम रोध (विजेला अडथळा) होतो, समोर स्पीकर ८ ओहमचा, म्हणजे तारेत जवळपास काहीच मरत नाही. बनाना प्लग फक्त सोयीचे, सारखं काढ-घाल करत असाल तर घ्या, नाहीतर उघडी तार चालते, तारेचा एकही बारीक धागा बाहेर राहू देऊ नका म्हणजे झालं.

त्या रोडवर अजून कोणाला अशी वायर मिळाली असेल आणि पक्कं बिल हातात असेल तर मला मेसेज करा, तक्रार एकत्र टाकू.