डेलिगेट, आठ महिन्यांनंतर: जोडलंत तर सोडवाही

सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत चालवून आठ महिने झाले. काट्याकडून आकडा आला की स्क्रीनवरच्या पट्टीच्या (विक्रीच्या हिशेबाच्या) खिडकीतलं फंक्शन चालवायचं, एवढ्याच कामासाठी डेलिगेट, म्हणजे नंतर चालवायचं फंक्शन धरून ठेवणारं ऑब्जेक्ट, घेतलं होतं. काट्याच्या क्लासला पट्टी माहीतच नसते, त्यामुळे काटा बदलला तरी पट्टीच्या कोडला हात लावावा लागत नाही. इथवर तक्रार नाही.

लिहायचं कारण वेगळं. ऐन सीझनमध्ये दुपारपर्यंत मशीन जड व्हायचं आणि एकाच पोत्याच्या दोन-तीन नोंदी पडायच्या. सल्ला मिळाला, रॅम वाढवा. ते पैसे पाण्यातच गेले असते. डेलिगेट दोन गोष्टी धरून ठेवतं: फंक्शन कोणतं, आणि ते कोणत्या ऑब्जेक्टवर चालवायचं. काटा दिवसभर जिवंत; त्याच्या इव्हेंटच्या यादीत, म्हणजे वजन आलं की कोणाकोणाला कळवायचं त्या डेलिगेटांच्या यादीत, बंद केलेली खिडकी तशीच अडकलेली. मग नको असलेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर तिला सोडवणार कसा? वजन आलं की तीही नोंद करते.

संताप याचा, की खिडकी बंद होताना -= लिहिलेलं होतं (+= ने यादीत जोडायचं, -= ने काढायचं)! पण जोडलेला होता लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन. तोच लॅम्डा अक्षर न अक्षर पुन्हा लिहिला तरी ते वेगळं डेलिगेट होतं, यादीत सापडत नाही, आणि एररही येत नाही. नाव असलेली मेथड जोडा, किंवा लॅम्डा फील्डमध्ये ठेवून += आणि -= दोन्हीला तेच फील्ड द्या.

आधी वाटायचं, हमाली-तोलाईच्या हिशेबाला इंटरफेसच बरा. आता मत बदललंय, तिथेही डेलिगेटच बरं, पण एक अट आहे. तीन फंक्शनं += ने एकाच फंक-डेलिगेटला (उत्तर परत देणाऱ्या डेलिगेटला) जोडू नका. समजा हमाली ३००, तोलाई ६०, वाहतूक ९००. हातात येतात फक्त शेवटचे ९००. शिवाय मधल्याने एक्सेप्शन फेकलं (चूक होऊन अडलं) तर पुढचं चालतच नाही. फंकची साधी लिस्ट करा आणि लूपमध्ये बेरीज घ्या. दर बदलला की लिस्टमधलं एकच फंक्शन बदलायचं, हे सुख मोठं आहे.

काटा ज्यावर जोडलाय त्या सिरियल पोर्टचा डेटा खिडकीपेक्षा वेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामात) येतो, तेव्हा खिडकीतलं लेबल बदलायचं ते काम खिडकीच्याच थ्रेडवर सोपवणाऱ्या बिगिन-इन्व्होकमधून.

गळती तपासायला खिडकी पाच वेळा उघडून बंद करा, सहाव्यांदा उघडा आणि काट्यावर एक पोतं ठेवा. नोंदी सहा पडल्या, तर -= चालत नाहीये.