जशीच्या तशी ई-टाइप घ्यावी की नव्यासारखी केलेली?

समजा, दोन जॅग्वार ई-टाइप, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार, विकायला आहेत. दोन्ही पहिल्या सिरीजच्या, ४.२ लिटर इंजिनाच्या, १९६५च्या आसपासच्या. एकीला साठ वर्षांत कुणी फारसा हात लावलेला नाही. रंगही कारखान्यातला, सीटचं चामडंही. दुसरी पार सुटी करून, रंगवून नव्यासारखी उभी केलेली. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या हौशी मंडळींना हा पेच पडू शकतो. माझा कौल पहिलीला आहे, पण पत्रा शाबूत असेल तरच.

ई-टाइपला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते. मधला भाग सगळा पत्र्याचा, आणि त्याला पुढे बोल्टने जोडलेली चौकोनी नळ्यांची चौकट, जिच्यावर इंजिन बसतं. दाराखालचे सिल किंवा फ्लोअर कुजले की गाडीची ताकदच जाते. म्हणून ते लांबलचक बॉनेट पूर्ण उचलायला लावा आणि आधी या नळ्या बघा. त्या आतून गंजतात, वरून रंग ठणठणीत दिसतो. बॅटरीजवळची नळी खास तपासा, तिथे आम्ल ठिबकलेलं असतं. मग सिलवर चुंबक फिरवा. कुठे धरत नसेल तर खाली लांबी (पुट्टी) भरली आहे असं धरून चाला. बॉडीच्या सांध्यांवर मात्र तो निसटला म्हणून लगेच घाबरू नका, कारण तिथे कारखान्यातच शिसं भरायचे.

पुन्हा न रंगवलेल्या गाडीत हे बरंचसं समोर दिसतं, हा तिचा मोठा गुण. रिस्टोअर केलेलीत ताज्या रंगाखाली काय आहे ते कळत नाही. तिथे मालकाकडे उघड्या पत्र्याचे फोटो आणि कामाची बिलं मागा. नुसतं ‘सगळं नवीन केलंय’ यावर मी तरी पैसे मोजणार नाही.

कागदपत्रांत मात्र दोघींना एकच न्याय. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या दाखल्यावर गाडीचा ओळख क्रमांक (त्यालाच चॅसी नंबर म्हणतात), इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी यांचे मूळ नंबर आणि मूळ रंग मिळतात. ते प्रत्यक्ष गाडीवर कोरलेल्या नंबरांशी ताडून बघा.

चालवण्यात नव्यासारखी केलेली गाडी बहुतेकदा सरस ठरते. ब्रेक, रबरी बुश, वायरिंग सगळं ताजं असतं. पहिलीत पैसे घालावे लागतील. विशेषतः मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नसून आत डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीला) लागून आहेत. तिथलं ऑइल सील गळलं की पॅड तेलात भिजतात, आणि तिथवर हात पोचवणं हेच मोठं काम. इंजिन गरम झाल्यावर ३,००० आरपीएमला ऑइल प्रेशरचा काटा चाळिशीच्या आसपास हवा.

तरीही मन पहिलीकडेच ओढ घेतं. ड्रायव्हरच्या सीटला चढता-उतरता पडलेल्या बारीक भेगा, कडेला विरळ होत गेलेला रंग, काचेवरची मूळ खूण, हे एकदा पुसलं की कुठल्याच गॅरेजला परत आणता येत नाही. पहिलीची दुसरी कधीही करता येईल. बाजारालाही हे कळलंय. फेब्रुवारी २०१५मध्ये पॅरिसच्या लिलावात बायों या फ्रेंच कुटुंबाच्या, वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या संग्रहातली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर धुळीसकट उभी केली होती, आणि ती दीड कोटी युरोंच्याही वर गेली.

दर शनिवार-रविवारी पाऊस न बघता गाडी काढायची असेल, किंवा रंगावरचा एक ओरखडाही डोळ्यांत खुपत असेल, तर बिनदिक्कत दुसरी घ्या. अशा माणसाच्या हाती पहिली पडली की तो दोन वर्षांत तिला रंगवायला टाकणार, आणि ते नुकसान भरून येणारं नाही.

कुठलीही घ्या, स्वतंत्र तपासणी करून घ्याच. चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना ब्रिटनमध्ये २०१८पासून एमओटी चाचणीतून (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याच्या वार्षिक तपासणीतून) सूट आहे, त्यामुळे अलीकडे कुणी खालून बघितलंच नसेल. पहिली घेतलीत तर टायर, पेट्रोलचे होस आणि ब्रेकच्या रबरी नळ्या आधी बदला. इथेनॉल जास्त असलेलं ई-१० पेट्रोल जुन्या रबराला खातं, ई-५ भरा. काढलेला मूळ भाग मात्र चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा, गाडी विकताना तोही सोबत द्यायचा असतो.